पाकळी हलते की नाही

खारवणे गावच्या देवळात सभामंडपाला न्हाणीघराच्या लाद्या आहेत. पांढऱ्या, गुळगुळीत, प्रत्येकीवर मधोमध एक निळं फूल. मुंबईत ज्या भिंतीसमोर माणूस उघडा बसून अंगाला साबण लावतो, त्या भिंतीच्या. इथे त्या देवाच्या पुढ्यात आहेत आणि पाहुण्यांना अभिमानाने दाखवल्या जातात. त्या तिथे कशा आल्या याला गुरुदास चिंदरकर कारण झाला असं गाव मानतं. गुरुदासवर कोणी काही लिहील अशी त्याची किंवा गावाची अपेक्षा नसावी. तरी लिहितो, कारण गावाने त्याची जी हकिगत करून ठेवली आहे ती ऐकून मला दरवेळी किळस येते.

गुरुदासचा धंदा आवाजाचा. लग्न, सत्यनारायण, दशावतार, निवडणूक, काहीही असो. खारवण्यात आणि खाडीपलीकडच्या वाड्यांत कर्णे बांधायला तोच. माणूस मात्र अबोल. दुसऱ्यांचा आवाज मोठा करून देण्यात त्याचा स्वतःचा खर्च झाला असावा. जळालेला स्पीकर दुसरा कोणी भंगारात घालतो. गुरुदास तो फोडून आतला चुंबक काढून घ्यायचा. ते चुंबक घेऊन संध्याकाळी किनाऱ्यावर जायचा. आमच्या किनाऱ्याच्या वाळूत काळे कण फार, ते चुंबकाला दाढीसारखे चिकटतात. चाळिशीचा, बायकापोरांचा माणूस वाळूत उकिडवा बसून चुंबकाला दाढी लावतोय, हे पाहून जाणारेयेणारे थांबत आणि काही वेळाने त्याची कीव करत पुढे जात.

पंच्याऐंशी साली त्याचा मेव्हणा, जहाजावरचा खलाशी, मुंबईत जुनी जहाजं तोडतात त्या दारूखान्यातून त्याला एक भेट घेऊन आला. तोडलेल्या जहाजाच्या रडारमधला चुंबक. घोड्याच्या नालासारखा, पण नाल हत्तीचा म्हणावा एवढा. एस.टी.त तो शेजाऱ्याच्या पत्र्याच्या ट्रंकेला असा चिकटला की कणकवलीला मेव्हणा आणि तो शेजारी या दोघांना एकत्र उतरावं लागलं. मेव्हण्याला वाटलं, भावजी याचा काहीतरी मोठा स्पीकर करतील. भावजींनी तो स्वच्छ पुसला, पाटावर ठेवला आणि त्याच्यासमोर बसून राहिले. गुरुदासची बायको सुनीती सांगायची, "आमच्या लग्नात माझ्याकडे काय असा बघूक नव्हता."

त्याच सुमारास ग्रामपंचायतीत काळा-पांढरा टीव्ही आला. पडद्यावर मुंग्या जास्त आणि माणसं कमी. पण गाव रोज संध्याकाळी दाटीवाटीने समोर बसायचं. एकदा गुरुदास एक स्पीकरचा चुंबक घेऊन उठला आणि बातम्या देणाऱ्या बाईंच्या गालाजवळ धरला. बाईंचा गाल ओघळून खांद्यापर्यंत आला. चुंबक हलवला, कपाळ कानाकडे गेलं. गुरुदास सांगू लागला, "ही बाय खरी थंय नाय. मागसून इलेक्ट्रॉन येतत आणि काचेर आपटतत. चुंबक तेंची वाट वाकडी करता." हे त्याने गावात केलेलं सर्वांत लांब भाषण. त्यावर मागून आवाज आला, "रे मेल्या, आमच्या सरपंचाचा थोबाड सरळ करून दाखव मगे!" हशा झाला. इलेक्ट्रॉन तिथेच काचेवर आपटत राहिले.

पण गावाला एक गोष्ट कळली होती: गुरुदासकडे शक्ती आहे. शक्ती म्हटल्यावर पुढचं पाऊल ठरलेलं. दुसऱ्या आठवड्यात त्याच्या पडवीत बाटल्या येऊ लागल्या. चुंबकाचं पाणी प्यायलं की गुडघे दुखत नाहीत, असं कोणीतरी मुंबईहून ऐकून आलं होतं. बाटल्या म्हणजे काय काय बाटल्या! रॉकेलच्या, खोकल्याच्या औषधाच्या, फेणीच्या. कुठल्या बाटलीच्या तळाशी शेवाळ, कुठल्या तोंडाशी माशीचा पाय. एक म्हातारा तोंडातलं पान न थुंकता बाटलीतलं पाणी चाखून बघायचा आणि उरलेलं पुन्हा बाटलीत जायचं. एका बाईने लघवी भरून आणली. तिला वाटलं, आधी तपासायचं असेल. सुनीतीने त्या सगळ्या बाटल्या काठीने ढकलत अंगणाबाहेर नेल्या, राख टाकून पडवी धुतली आणि दोन दिवस ती जेवली नाही.

गुरुदास मात्र त्या पाण्यावरून विचारात पडला. पाणी चुंबकाकडे येत नाही हे त्याला ठाऊक होतं. पण दूर जातं का? मी सांभाळायचो त्या गावच्या वाचनालयात एक जाड, स्वस्त, रशियन छापाचं विज्ञानाचं मराठी पुस्तक होतं. ते गुरुदासशिवाय कोणी नेल्याचं मला आठवत नाही. त्यात त्याने वाचलं की लोखंड आणि आणखी काही पदार्थ सोडले, तर जगातल्या बहुतेक वस्तूंना चुंबक नकोसा असतो. पाण्याला, लाकडाला, फुलाला, माणसाला. आपल्या आत जे इलेक्ट्रॉन फिरतात ते चुंबक जवळ आला की आपली चाल किंचित बदलतात, ती नेमकी चुंबकाच्या विरुद्ध. अगदी थोडं, दिसणार नाही एवढं. पण दूर सरायला बघतात. मला हे त्याने सांगितलं तेव्हा इलेक्ट्रॉनांबद्दल प्रथमच आदर वाटला. खारवण्यात कोणी शक्तिमान माणूस जवळ आला की सगळे त्याच्याकडेच सरकतात.

मग त्याने भिंतीवरच्या जुन्या घड्याळाची पेटी घेतली. लाकडी, पुढे काच असलेली. आत वरून एक केस सोडला. केसाला नारळाच्या झावळीचा हीर आडवा टांगला, तराजूच्या दांडीसारखा. हिराच्या एका टोकाला जास्वंदीची ओली पाकळी दुमडून लावली, दुसऱ्या टोकाला तेवढ्याच वजनाचं मेण. वारा लागू नये म्हणून सगळं बंद. मग पेटीच्या बाहेरून तो मोठा चुंबक फळीवर ठेवून हळूहळू पाकळीजवळ सरकवायचा आणि बघत बसायचं. केस सुनीतीचे. ती म्हणायची, "माझे केस गळतत म्हणून मी रडतंय, आणि हे ते येचून डब्यात भरतत."

पाकळी हलायची. मी पाहिली आहे. तासकाट्याच्या चालीने, बोटभर, चुंबकापासून दूर. चुंबक मागे घेतला की परत यायची. एवढंच. गुरुदासला याहून जास्त काही नको होतं. आपल्याला नवा शोध लागला असं तो कधीच म्हणाला नाही. पुस्तकात छापलेलं आपल्या पडवीत खरं ठरतं, यातच तो बुडून गेला होता.

आता देवळाकडे वळायला हवं.

गावात मुंबईकरांचं एक मंडळ आहे. वर्षातून दोनदा येतात आणि गावात काय कमी आहे ते सांगून जातात. मंडळाचा पुढारी बाबली परब, गोदीत सुपरवायझर. त्या वर्षी त्याच्या मनात आलं की सभामंडपाची शेणाने सारवलेली जमीन लाजिरवाणी आहे, तिथे लाद्या घालायच्या. लाद्या आणूनही ठेवल्या होत्या. कुठल्या इमारतीच्या कामातून उरलेल्या, ते त्याने सांगितलं नाही आणि फूल पाहून विचारायची गरजही नव्हती. गावचे मानकरी विश्राम गावकर, ज्यांना सगळे तात्या म्हणतात, ते विरोधात गेले. त्यांना सारवलेल्या जमिनीचं प्रेम होतं अशातला भाग नाही. दारावर जी संगमरवरी पाटी बसणार होती तिच्यावर मंडळाचं नाव होतं, तात्यांचं नव्हतं.

आमच्याकडे असा तंटा झाला की देवाला कौल लावतात. गुरव देवाच्या काळ्या पाषाणावर उजवीकडे आणि डावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे बघत उभे राहतात. उजवी पाकळी आधी पडली तर देवाची परवानगी. डावी पडली तर नाही. गुरव महादू, पन्नाशीचा, मऊ बोलणारा माणूस. पाकळी किती भिजवायची आणि अंगठ्याने किती दाबायची हे सगळं त्याच्या हातात. त्या अंगठ्याकडे आजवर कोणी पाहिलेलं नाही. सगळे देवाकडे पाहतात.

"बा देवा म्हाराजा," महादूने गाऱ्हाणं घातलं, "तुझ्या मांडवाक लाद्यो घालूच्यो की नाय, ता उजव्या-डाव्यान दाखव रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळे ओरडले. हे सगळं बाहेर अंगणात बसलेल्या बायकांनाही ऐकू यावं म्हणून गुरुदासने गाभाऱ्याच्या बाहेरच्या खांबाला एक कर्णा बांधला होता.

डावी पाकळी पडली.

तात्यांनी देवाला हात जोडले आणि ते तसेच ठेवून बाबलीकडे पाहिलं. महादूची आदल्या दिवशीची संध्याकाळ तात्यांच्या पडवीत गेली होती हे गावाला माहीत होतं. पण देवळात ते कोणाला आठवत नाही. बाबलीलाही आठवलं नसावं, किंवा आठवून उपयोग नाही हे कळलं असावं. गुरवावर बोट दाखवणं म्हणजे देवावर दाखवणं. त्याने सभोवार पाहिलं आणि त्याला कर्णा दिसला.

"तात्यानू, देव बोललो नाय," बाबली म्हणाला. "चुंबक बोललो!"

लोकांना आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि टीव्हीवरच्या बाईंचा ओघळलेला गाल सगळ्यांना एकदम आठवला.

"कर्ण्यातलो चुंबक खंय आणि पाकळी खंय!" गुरुदास म्हणाला. "मधी एवढी भिंत आसा."

"लांब-जवळ सोड मेल्या. चुंबकान पाकळी हलता की नाय, तेवढाच सांग."

गुरुदासने जे उत्तर दिलं ते दुसऱ्या कुठल्याही गावात दिलं असतं तर चाललं असतं. "हलता," तो म्हणाला. "पण..."

"आयकलात मां! हलता म्हणता!"

"पण ओढीत नाय, ढकलता. आणि ता ढकलणा इतक्या बारीक, केसाक टांगून काचेत ठेवून बघूचा लागता."

'पण'च्या पुढचं कोणी ऐकलं नाही. शेवटी ठरलं की पंचांनी गुरुदासच्या घरी जाऊन पाकळी बघायची आणि दुसऱ्या दिवशी देवासमोर निकाल द्यायचा.

त्या दिवशी दुपारी गुरुदासच्या पडवीत जे झालं ते सांगताना मला अजून घृणा येते. आणि त्यातली थोडी गुरुदासबद्दलही आहे, हे लपवत नाही. पंच आले, तंबाखू मळत, चपला न काढता. बाबलीने काचेला नाक लावलं. त्याच्या श्वासाने काच धुरकटली, ती त्याने थुंकी लावलेल्या अंगठ्याने पुसली. महादू मागे उभा राहून पेटीला नमस्कार करत होता. आणि गुरुदास! गुरुदासचा चेहरा उजळला होता. इतके दिवस त्याच्या पेटीत माझ्याशिवाय कोणी डोकावलं नव्हतं आणि आज अख्खी पंचायत मांडी घालून बसली होती. ते त्याचा गळा कापायला आले आहेत हे मला दिसत होतं, सुनीतीला दिसत होतं, पाकळीलाही दिसलं असतं. तो मात्र नव्या जावयासारखा लगबग करत होता. "हळू बसा. वारो घालू नकात. आता बगा हां, मी चुंबक सरकवतंय."

चुंबक सरकला. बऱ्याच वेळाने पाकळी निघाली. हळू, नाराजीने, दुसरीकडे तोंड वळवणाऱ्या माणसासारखी.

"गेली!" महादू ओरडला. "आवशीचो घो! गेली!"

"बघलात?" गुरुदास म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "सगळ्यांनी बघलात मां?"

"बघला, बघला," बाबली उठत म्हणाला. "सगळ्यांनी बघला. साक्षीदार आसत."

प्रयोग पूर्ण यशस्वी झाला होता. खारवण्याच्या इतिहासात इतक्या लोकांनी एकाच वेळी खरी गोष्ट पाहिल्याचं दुसरं उदाहरण नाही.

तिन्हीसांजेला विश्रामतात्या आले, एकटे. सुनीतीने चहा ठेवला. मी तिथेच होतो. तात्यांनी मला जायला सांगितलं नाही, कारण त्यांच्या मते मी कशातच नसतो.

"गुरुदासा," तात्या म्हणाले, "तू माका पोटच्या झिलासारखो. उद्या देवासमोर इतक्याच बोल: माझी चूक झाली, पाकळी वाऱ्यान हलली, चुंबकान हलणा नाय. देवाचो कौल रवतलो. तुझो चुंबकव रवतलो. नायतर पंच तो तुझ्याकडे ठेवूचे नाय. खाडीत टाकतले."

"पण तात्यानू, ती हलता."

"हलता तर हलू दी! मी खंय नाय म्हणतंय? तू नाय म्हण."

तात्यांनी बशीतला चहा फुर्र करून ओढला, मिशी पंच्याने पुसली आणि निघताना म्हणाले, "देवाची लाज तुझ्या हातात आसा." पाटीचं नाव त्यांनी काढलं नाही.

ते गेल्यावर सुनीती चुलीपुढून म्हणाली, "म्हणा नाय म्हणून. तुमच्या 'नाय'न ती काय हलूची थांबतली?"

"ती थांबाची नाय," गुरुदास म्हणाला. "पण मगे माका तेच्याकडे बघूक जमाचा नाय."

सुनीती फुंकणी घेऊन चूल फुंकत राहिली, चूल चांगली पेटलेली असताना.

दुसऱ्या दिवशी देवळात त्याला विचारलं. त्याने सांगितलं: पाकळी हलते; माझ्या पडवीत, केसावर, काचेत हलते. इथे पाषाणावर चिकटवलेली पाकळी खांबावरच्या कर्ण्याने हलणार नाही, कधीच नाही. हवं तर कर्णा इथे आणून दाखवतो. पहिलं वाक्य सगळ्यांनी ऐकलं. बाकीच्या वेळात लोक एकमेकांशी बोलत होते. तात्यांनी मान फिरवली, जशी देवाने फिरवावी.

मग निकाल झाला. कौल बाटला. कर्णा उतरवून, गोमूत्र शिंपडून कौल पुन्हा लावला. मधल्या रात्रीत बाबली महादूकडे जाऊन आला होता. उजवी पाकळी इतक्या तत्परतेने पडली की महादूचं गाऱ्हाणंही संपलं नव्हतं. कोणीतरी "होय म्हाराजा" जरा आधीच म्हणालं. तात्यांनी पाटीवर आपलंही नाव घालायचं कबूल करून घेतलं आणि देवाच्या इच्छेपुढे मान तुकवली.

राहिला गुरुदास. त्याने देवाच्या कामात ढवळाढवळ केली असं कोणी म्हणालं नाही; सगळे मोठ्या मनाचे होते. पण अपवित्र वस्तू गावात नको. म्हणून रडारचा चुंबक, जो देवळाच्या पायरीलाही कधी लागला नव्हता, तो खाडीत बुडवायचा ठरला. कर्ण्यांतले चुंबक, ज्यांनी म्हणे कौल फिरवला, ते मात्र राहू द्यायचे. जत्रा तोंडावर आली होती, दशावताराला आवाज कोण देणार? ठराव गुरुदासच्याच माइकवरून वाचून दाखवला गेला.

भरती उतरायला लागल्यावर होडी काढली. बाबली, महादू, मी आणि गुरुदास. चुंबक गुरुदासने मांडीवर घेतला होता, फडक्यात गुंडाळून. होडीच्या खिळ्यांकडे तो ओढ घेत होता आणि गुरुदास त्याला आवरून धरत होता. मी एकदा म्हणालो, "गुरुदास, अजून सांग त्यांना की वाऱ्याने हलली होती." माझ्याकडे पाहून तो हसला आणि म्हणाला, "तुम्ही तरी असा बोलू नकात." तेवढंच.

मधल्या खोल पाण्यात होडी थांबली. गुरुदासने फडकं सोडलं, खिशातून लोखंडाची एक जाड पट्टी काढली आणि चुंबकाच्या दोन टोकांवर आडवी ठेवली. ती 'टक्' करून बसली.

"ह्या काय?" बाबलीने विचारलं. "मंतर घातलंस काय?"

"उघड्या तोंडाचो चुंबक हळूहळू मरता," गुरुदास म्हणाला. "तोंडार लोखंड असला काय वर्षानुवर्षा रवता."

"अरे पण आता तो मेलो काय आणि जगलो काय! तुका तेचा करूचा काय आसा?"

गुरुदासने पट्टी नीट मधोमध आहे का ते बोटाने चाचपून पाहिलं. थोडी तिरकी होती, ती सरळ केली. मग दोन्ही हातांनी चुंबक पाण्यात उतरवला आणि सोडला.

बुडबुडे थांबल्यावर बाबलीने तोंडातल्या तंबाखूची पिचकारी नेमकी त्याच जागी टाकली, मिशी पुसली आणि सांगितलं की आता सगळं शुद्ध झालं.